पातेगळ

पातेगळ : कपाशीची पाती, म्हणजे कळ्या, पक्व होण्याआधीच झाडावरून सुटून पडणे. कोवळी बोंडे गळली तर त्यास बोंडगळ म्हणतात. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात, पूर्णा खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत, पऱ्हाटी (कपाशी) पात्यावर असताना पावसाची झड लागली की ही गळ वाढते.

प्रक्रिया : पाते वाऱ्याने तुटत नाही, झाड स्वतः ते तोडते. देठाच्या बुडाशी लहान पेशींचा आडवा थर असतो. पात्यातून ऑक्झिन हे संप्रेरक देठाकडे वाहत असते, तोवर हा थर शांत राहतो. तो ओघ आटला की थरावर एथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा अंमल चालू लागतो. त्यातील पेशी मग विकरे तयार करतात. पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळवते, तर सेल्युलेज पेशीभित्ती कमकुवत करते. जोड सैल झाला की पाते स्वतःच्या भाराने गळते. फांदीवर उरलेल्या वणावर बुचासारखे संरक्षक आवरण येते.

संशोधन : ॲब्सिसिक आम्लाचा शोध कपाशीच्या कोवळ्या बोंडांतच लागला. अमेरिकेत ओकुमा, ॲडिकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये ते ‘ॲब्सिसिन 2’ या नावाने प्रसिद्ध केले. गळीचे मुख्य संप्रेरक म्हणून ते ओळखले गेले. पुढे मात्र थेट चालना एथिलीन देते, हे स्पष्ट झाले.

कारणे : पाणी साचलेल्या जमिनीत मुळांना प्राणवायू मिळत नाही. एथिलीनचा पूर्वघटक, एसीसी, मुळांतून वर चढतो आणि पानांत त्याचे एथिलीन होते. ढगाळ हवेत प्रकाशसंश्लेषण मंदावून पात्यांना अन्न कमी पडते. पाण्याचा ताण व किडींमुळेही गळ होते. गळलेले पाते उचलून पाहावे : त्यावर छिद्र असल्यास बोंडअळीची शंका घ्यावी.

उपाय : साचलेले पाणी चर काढून बाहेर काढणे हा पहिला उपाय. नॅप्थॅलीन ॲसेटिक आम्ल या कृत्रिम ऑक्झिनची विरल फवारणी विलग होणारा थर शांत ठेवण्यास मदत करते. मुळे पाण्यात असताना मात्र तिचा उपयोग मर्यादित राहतो. सगळी पाती टिकत नाहीत. पोसता येतील तेवढीच बोंडे झाड राखते. निरोगी शेतातली थोडी गळ म्हणूनच नैसर्गिक समजावी.