भायखळा-परळ : एका शहरी मतदारसंघाचे प्रतिनिधित्व आणि मतदानाचे नियम

१९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी निवडणूक झाली. तीत ‘मुंबई शहर : भायखळा व परळ’ या सर्वसाधारण शहरी मतदारसंघातील राखीव जागेवर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर १३,२४५ मते मिळवून निवडून आले. १९५२ च्या जानेवारीत लोकसभेच्या ‘मुंबई शहर उत्तर’ या मतदारसंघातील राखीव जागेवर याच नेत्याचा १४,५६१ मतांनी पराभव झाला. दोन्ही मतदारसंघांच्या सीमा एक नव्हत्या आणि मतदारांची संख्याही तुलना करण्याजोगी नव्हती. तथापि गिरणगावाचा मोठा भाग दोहोंतही होता. या पालटाची मीमांसा करताना काँग्रेसची वाढलेली प्रतिष्ठा, पंडित नेहरूंचा प्रभाव आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे संघटनात्मक दौर्बल्य यांकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. ही कारणे खोटी नाहीत. परंतु मतदाराने आपली मते कोणत्या रीतीने द्यावयाची, या प्रश्नाला दोन्ही वेळच्या कायद्यांनी दिलेली उत्तरे परस्परविरुद्ध होती, ही गोष्ट बहुधा नजरेआड राहते.

भायखळ्यापासून परळपर्यंतचा टापू गिरण्यांचा आणि चाळींचा. १९२० नंतर मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. त्यांच्या आधीपासून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी होत्याच. परळ येथील पोयबावडीच्या अशाच एका चाळीत डॉ. आंबेडकरांनी आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे काढली आणि बहिष्कृत हितकारिणी सभेची १९२४ मधील स्थापनाही परळच्या दामोदर हॉलमधील बैठकीतून झाली. वस्ती मुख्यत्वे कोकणातून आणि देशावरून आलेल्या कामगारांची होती. पण कामगार म्हणून ती एकजीव होती असे मानणे चुकीचे ठरेल. साचाखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, मजुरी अधिक मिळे. तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागे, हे त्याचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या मोठ्या संपात हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी उघडपणे मांडला. वर्गाची रेषा आणि जातीची रेषा या मतदारसंघात एकमेकींना छेदत होत्या आणि पुढील प्रत्येक निवडणुकीत हा छेद कोठे ना कोठे दिसतोच.

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघांची मागणी मागे पडली आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा अशी व्यवस्था आली. १९३५ च्या कायद्याने मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा ठेवल्या. त्यांपैकी ११४ सर्वसाधारण आणि या ११४ पैकी १५ अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. राखीव जागा ज्या मतदारसंघात असे तेथे एकाहून अधिक सभासद निवडले जात आणि सर्व मतदार सर्व जागांसाठी मत देत. येथे एक तांत्रिक वाटणारा, परंतु मुळात राजकीय असा प्रश्न उभा राहिला. मतदाराच्या हाती जितक्या जागा तितकी मते. ती त्याने एकाच उमेदवाराला एकवटून द्यावी की प्रत्येक उमेदवाराला एकेकच द्यावी? पहिल्या पद्धतीला संचयी मतदान म्हणतात, दुसरीला विभागणीचे मतदान म्हणता येईल. मुंबई प्रांतात संचयी पद्धत स्वीकारण्यात आली. संख्येने अल्प पण निर्धाराने एकत्र असलेल्या गटाला तिचा लाभ उघड आहे. तीन मते असलेला मतदार ती तिन्ही आपल्या माणसाला देऊ शकतो आणि मग बहुसंख्य मतदारांच्या पसंतीवाचूनही आपला प्रतिनिधी निवडून आणू शकतो. संयुक्त मतदारसंघ पत्करल्यामुळे जे गमावले असे अस्पृश्य पुढाऱ्यांना वाटत होते, त्यातील काही अंश या रीतीने परत मिळत होता.

१९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांसमोर काँग्रेसने पाळवणकर बाळू यांना उभे केले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपल्या गोलंदाजीने नाव मिळविलेला हा खेळाडू चांभार समाजातील होता आणि पुणे करारावर त्याची सहीही होती. त्याला ११,२२५ मते पडली. फरक दोन हजारांच्या जवळपास होता. हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. ते मतांचे आकडे आहेत, मतदारांचे नव्हेत. एका मतदाराने एकाच उमेदवाराला एकाहून अधिक मते दिलेली असू शकतात. म्हणून १३,२४५ या आकड्यावरून तितकी माणसे डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी होती असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी मतपद्धतीकडे पाहिलेलेच नाही, असे म्हणावे लागते.

निवडून आलेल्या प्रतिनिधीने काय केले, हा प्रश्न प्रतिनिधित्वाच्या इतिहासात निकालाहूनही महत्त्वाचा. भायखळा-परळच्या या सभासदाने सप्टेंबर १९३७ मध्ये विधानसभेत जे विधेयक आणले ते गिरण्यांविषयी नव्हते. ते कोकणातील खोती नष्ट करण्यासाठी होते. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. परंतु गिरणगावातील कामगाराचे घर रत्नागिरी जिल्ह्यात होते, त्याच्या घरची जमीन खोताच्या अमलाखाली होती आणि शहरात मिळविलेल्या मजुरीचा वाटा तिकडे जात होता. शहरी मतदारसंघाची खरी सीमा नकाशावरील रस्त्यांनी आखलेली नव्हती, हे या एका विधेयकाने जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही खानेसुमारीने होणार नाही. पुढे जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर आला आणि त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. आंबेडकर आणि श्रीपाद अमृत डांगे यांचे अनुयायी त्या दिवशी एका बाजूला होते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. १९४६ च्या निवडणुका १९३५ च्याच कायद्याखाली झाल्या आणि तरीही मुंबई प्रांतात फेडरेशनच्या हाती राखीव जागा लागल्या नाहीत. संविधान सभेवर डॉ. आंबेडकरांना प्रथम बंगालमधून जावे लागले; मुंबईतून ते निवडले गेले ते १९४७ मध्ये, जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. तेव्हा केवळ मतपद्धतीने विजय मिळतो असे कोणी म्हणू नये. मतपद्धती अल्पसंख्य गटाला एक संधी देते. ती साधण्याइतके बळ गटाजवळ असावे लागते.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ही संधीच काढून घेतली. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते होती. मात्र एका उमेदवाराला एकच मत देता येई आणि दोन्ही दिल्यास त्यांतील एकच मोजले जाई. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर खूण करावयाची नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि मतपत्रिका तीत टाकावयाची असे. म्हणजे ज्याने दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या, त्याचे दुसरे मत वाया गेले. ज्याला ते वाया घालवावयाचे होते त्याला हा मार्ग मोकळा होता आणि ज्याला नियम समजला नाही तो नकळत त्याच मार्गाने गेला.

‘मुंबई शहर उत्तर’मध्ये फेडरेशनचा समझोता समाजवादी पक्षाशी होता. सर्वसाधारण जागेसाठी समाजवाद्यांचे अशोक मेहता आणि राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर अशी जोडी उभी राहिली. काँग्रेसतर्फे विठ्ठल बाळकृष्ण गांधी व नारायण सदोबा काजरोळकर होते. कम्युनिस्टांचे डांगे वेगळे लढले. काजरोळकरांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मते पडली. दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. मोजणीत चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली; म्हणजे पराभवाच्या फरकाच्या जवळजवळ पाचपट. मेहता व आंबेडकर यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. दुसरे मत कुजवावे असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा त्यांचा आक्षेप होता. अर्ज फेटाळला गेला. बाद मतांपैकी किती हेतुपुरस्सर आणि किती अज्ञानाने, हे मोजता येत नाही. पण विभागणीच्या मतदानात राखीव जागेचा उमेदवार आपल्या अनुयायांवर नव्हे तर इतरांच्या दुसऱ्या मतावर जगतो, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध होते. १९३८ मधील एका दिवसाचे सहकारी १९५२ मध्ये परस्परांना ते दुसरे मत देण्यास तयार नव्हते.

पाच वर्षांनी नियम तेच होते, राजकारण निराळे होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट आणि फेडरेशन दोघेही सामील झाले. १९५७ मध्ये ‘मुंबई शहर मध्य’ या द्विसदस्य मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने हे दोघे लोकसभेवर गेले. हा निकाल पाहावयास डॉ. आंबेडकर हयात नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले होते.

त्याच निवडणुकीत आंध्रातील पार्वतीपुरम् येथे दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचेच उमेदवार निवडून आले आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. द्विसदस्य मतदारसंघांविषयी जी तक्रार राखीव उमेदवारांच्या पराभवाने ऐकली गेली नव्हती, ती या विजयानंतर संसदेला तातडीची वाटू लागली, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. दुसऱ्या मताचा प्रश्न त्याबरोबर संपला. परंतु राखीव मतदारसंघ कोठे असावा हा नवा प्रश्न निर्माण झाला, कारण आता जागा राखीव ठेवणे म्हणजे संपूर्ण टापू राखीव ठेवणे होय.

२००८ च्या पुनर्रचनेत परळ हे नाव विधानसभेच्या यादीतून गेले. तो भाग शिवडी व त्याच्या शेजारच्या मतदारसंघांत वाटला गेला. भायखळा आणि वरळी ही नावे यादीत आहेत. मुंबईतील ३६ विधानसभा जागांपैकी राखीव दोन आहेत, धारावी आणि कुर्ला. लोकसभेच्या सहांपैकी एकही नाही.