राजूर घाटातला ओला फडका

आमचे मामू धामणगाव बढेहून जीप चालवायचे. कधी मलकापूर, कधी मोताळा, आणि कोर्टकचेरीचं काम निघालं की बुलढाणा. बुलढाण्याला जायचं म्हणजे मोताळ्याच्या पुढे राजूर घाट चढावा लागतो. घाट तसा लहानच, पण मे महिन्याची दुपार आणि क्षमतेच्या दुप्पट माणसं भरलेली जीप म्हटल्यावर तोही पुरेसा होता. निम्म्या चढावर इंजिन दोन-तीन उचक्या द्यायचं आणि बंद पडायचं. माणसं उतरून झाडाची सावली शोधायची. मामू बोनेट उघडून बाजूला टांगलेल्या छागळीतलं पाणी एका फडक्यावर ओतायचे आणि तो फडका पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असणाऱ्या त्या छोट्या पंपावर, गुंडाळायचे.

"पेट्रोल खतम हो गया क्या मामू?"

"नई बेटा, उबल गया."

लहानपणी मला ती थट्टा वाटायची. ती थट्टा नव्हती. तापलेल्या इंजिनाशेजारच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि द्रव खेचण्यासाठी बनवलेल्या पंपाला वाफ खेचता येत नाही. पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी चालू होते. याला 'व्हेपर लॉक' म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. मामूंना ते नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं, इलाज मात्र माहीत होता.

रस्त्यावर थांबून आपली गाडी आपणच दुरुस्त करण्याची परंपरा मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. त्या काळी गॅरेज नावाची गोष्टच नव्हती.

आपल्याकडे या विषयावर लिहायचं तर अल-जझरीचं नाव येणारच. दियारबकिरच्या अर्तुकी दरबारातल्या या कारागिराने १२०६ मध्ये यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यातल्या पाणी उपसण्याच्या यंत्रांत क्रँकचा वापर आहे, आणि फिरती गती पुढे-मागे चालणाऱ्या गतीत बदलण्याची युक्तीही आहे. मोटारीच्या इंजिनात हेच काम उलट्या दिशेने होतं. मात्र 'मोटारीचा शोध मुसलमानांनी लावला' असे जे व्हिडिओ फिरतात, ते मला पटत नाहीत. त्या ग्रंथाचं मोल वेगळं आहे. स्वतः हाताने काम करणाऱ्या माणसाने, पुढच्या कारागिराला यंत्र पुन्हा बनवता यावं अशा बेताने, मापं आणि आकृत्या देऊन ते लिहून ठेवलं. आपल्या उस्तादांनी तेवढंच केलं नाही, आणि त्यांच्याकडून ते कोणी करून घेतलंही नाही.

मामूंच्या जीपलाही एक इतिहास होता. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. तिचं नाव होतं 'महिंद्र अँड मोहम्मद'. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन दुसरा 'महिंद्र' आला. विलिस जीपची जुळणी १९४७ मध्येच सुरू झाली होती. कागदावरचं नाव असं बदललं. बोनेटखाली हात घालणारा मोहम्मद मात्र पुढची पन्नास वर्षं प्रत्येक स्टँडवर होताच.

मामूंची पद्धत साधी होती आणि क्रम कधी बदलत नसे. गाडी चालू होत नाही? आधी सेल्फ मारून आवाज ऐकायचा. नुसतं 'टक्' वाजलं आणि हेडलाइट मंद झाला तर इंजिनाला हात लावायचा नाही. बॅटरीचे टर्मिनल बघायचे. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवायची, टर्मिनल घासून घट्ट करायचे. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर दोनच प्रश्न: ठिणगी आहे का, पेट्रोल येतंय का? ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे आणि दुहेरी घडी घातलेल्या पोस्टकार्डाने त्यांच्यातली फट मोजायची. फीलर गेज त्यांच्याकडे होतं, पण ते कायम कोणीतरी मागून नेलेलं असायचं.

काढलेला प्लग ते नाडी बघावी तसा बघत. विटकरी-करडा असेल तर तब्येत ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट काळा म्हणजे रिंगा गेल्या, आता खर्च आला. धुराचंही तसंच होतं: काळा इंधनाचा, निळा ऑइलचा, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा दाट पांढरा रेडिएटरच्या पाण्याचा. पुढे डिझेल इंजिनाची जीप आली तेव्हा पॉइंट-प्लगची विद्या अर्धी निकामी झाली. मग 'एअर काढणं' शिकले. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत हातपंप मारत राहायचं.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तरी तिच्यातही कार्बोरेटरच होता. खरा बदल झाला २००० नंतर. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बोरेटर आणि पॉइंट जाऊन सेन्सर आणि संगणक आले. २०१० पासून टप्प्याटप्प्याने गाडीला स्वतःचे दोष स्वतः नोंदवणं बंधनकारक झालं. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड दिसतो. धूर कमी झाला हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र पार्ट आणि मोठी स्कॅनिंग यंत्रं कंपन्या फक्त आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरांना देऊ लागल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून चौदा कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं.

हा प्रश्न निव्वळ ग्राहकाच्या खिशाचा नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की मुस्लिम कामगार नियमित पगाराच्या नोकरीत कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहेत. ते तुलनेने अधिक दिसतात अशा धंद्यांत वाहनदुरुस्तीही आहे. स्कॅनर कोणाला मिळतो यावर कितीतरी घरांची चूल अवलंबून आहे.

मामू गेले तेव्हा त्यांच्या पेटीत पाने, तारेची गुंडाळी आणि एक पोस्टकार्ड निघालं. वही निघाली नाही. त्यांचा मुलगा आता गॅरेज चालवतो. परवा एका गाडीत 'पी ०३०१' कोड आला, म्हणजे पहिला सिलिंडर मिस मारतोय. कोड एवढंच सांगतो, कारण सांगत नाही. त्याने इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसरीची पहिल्यावर, जुना कोड पुसला आणि गाडी चालवून आणली. या वेळी कोड आला 'पी ०३०२'. दोष कॉइलबरोबर सरकला होता, म्हणजे कॉइलच खराब.

मी विचारलं, "हे कुठल्या कोर्सात शिकवतात?"

"अब्बा प्लग असेच बदलून बघायचे," तो म्हणाला. मग पुढच्या गाडीचं बोनेट उघडून त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि मला हातानेच गप्प राहायला सांगितलं.