बॉस्टनचे शिल्प आणि नावांचा प्रश्न

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. तेथील गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याचा तो गौरव होता. अमेरिकेचे यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) ही त्या अर्पणपत्रिकेची पार्श्वभूमी होय. परंतु त्या युद्धात कृष्णवर्णीय माणसे स्वतःही शस्त्र घेऊन उतरली होती, ही गोष्ट पुढे दीर्घकाळ झाकली गेली. ती कशी झाकली गेली, याची साक्ष बॉस्टन शहराच्या मध्यवस्तीतील एक स्मारक देते. त्याचा परामर्श येथे आम्ही घेत आहोत.

बॉस्टन कॉमन या उद्यानाच्या कडेला, राज्याच्या विधानभवनासमोर, हे ब्राँझचे भव्य उत्थित शिल्प उभे आहे. घोड्यावर कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ आणि त्याच्या बरोबरीने बंदुका खांद्यावर घेऊन चालणारे कृष्णवर्णीय सैनिक, असे त्याचे दृश्य आहे. ही मॅसॅच्युसेट्सची ५४ वी पलटण. २८ मे १८६३ रोजी ती याच रस्त्याने संचलन करीत युद्धावर निघाली. १८ जुलै रोजी दक्षिण कॅरोलायनातील फोर्ट वॅग्नरवर तिने हल्ला चढविला. हल्ल्यात उतरलेल्या सुमारे ६०० सैनिकांपैकी जवळजवळ निम्मे ठार, जखमी वा बेपत्ता झाले. शॉही पडला. शत्रूने त्याला त्याच्या सैनिकांसमवेत एकाच खड्ड्यात पुरले. तो देह तेथून हलवू नये, अशीच त्याच्या पित्याची इच्छा होती.

या पलटणीचा दुसरा लढा वेतनाचा होता. गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर मिळत. यांना १० डॉलर देऊ केले गेले आणि त्यांतूनही कपड्यांसाठी ३ कापले जाणार होते. सैनिकांनी ते वेतन घेण्याचेच नाकारले. फरकाची रक्कम राज्याने भरून देऊ केली, तीही त्यांनी स्वीकारली नाही. प्रश्न पैशाचा नव्हता, समान दर्जाचा होता. घरी बायकामुलांची उपासमार होत असतानाही ते अडून राहिले. अखेर १८६४ साली अमेरिकी संसदेने समान वेतन मान्य केले.

स्मारकाची कल्पना प्रथम मांडणाऱ्यांत जोशुआ स्मिथ हे कृष्णवर्णीय व्यावसायिक अग्रभागी होते. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांच्या मनात आरंभी केवळ अश्वारूढ पुतळा होता. एकट्या शॉचा असा गौरव त्याच्या कुटुंबीयांना मान्य नव्हता, म्हणून शिल्पात सैनिक आले. शिल्पकाराने जिवंत माणसे समोर बसवून प्रत्येक चेहरा वेगळा घडविला. ३१ मे १८९७ रोजी अनावरण झाले, तेव्हा पलटणीचे हयात सैनिक संचलनात होते. मात्र स्मारकाच्या मागील बाजूस नावे कोरली होती ती धारातीर्थी पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची. कृष्णवर्णीय सैनिकांना चेहरा मिळाला, नाव मिळाले नाही. वॅग्नरच्या लढाईत मृत्यू पावलेल्या साठाहून अधिक सैनिकांची नावे तेथे कोरली जाण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले.

नाव कोरणे हा केवळ उपचार आहे काय? आमच्या वाचकांना याचे उत्तर ठाऊक आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे आहेत. नावांअखेरच्या ‘नाक’ या प्रत्ययावरून त्यांतील महार शिपाई आज ओळखता येतात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा पूर्वजांच्या शौर्याचा लेखी पुरावा तेथे दगडावर शाबूत होता. नावे नसती, तर तो स्तंभ केवळ कंपनी सरकारच्या विजयाचे चिन्ह ठरला असता.

शिल्प पाहणाऱ्याच्या मनात आदर उत्पन्न करते, परंतु इतिहासात हक्क सांगण्यास नाव लागते. वेतनासाठी अडून बसलेल्या त्या सैनिकांना हे आधीच उमगले होते: उपकार म्हणून मिळालेले मोठेपण आणि हक्क म्हणून मिळालेली समानता या दोन भिन्न गोष्टी आहेत.