मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर बदलतात, तेव्हा लिव्हरच्या रुग्णाने काय जपायचं?

वसई-विरार : लिव्हर सिरॉसिसच्या रुग्णाला दुर्बिणीची तपासणी किंवा तज्ज्ञ डॉक्टर लागले की वसई, नालासोपारा, विरारमधले अनेक जण लोकलने मुंबईच्या नायर, केईएम, सायन, कूपर किंवा जे. जे. रुग्णालयात जातात. या रुग्णालयांत डॉक्टर शिकतातही. त्यामुळे वॉर्डात रात्रंदिवस दिसणारा डॉक्टर बहुतेक वेळा शिकाऊ असतो आणि काही काळाने तो बदलतो. 'मागच्या वेळचे डॉक्टर कुठे गेले?' असं नातेवाईक विचारतात ते याचमुळे.

कोण, कधी बदलतं?
एमबीबीएसनंतरची इंटर्नशिप १ वर्षाची. इंटर्न एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहतात. एमडी करणारे निवासी डॉक्टर ३ वर्षं असतात, पण त्यांचीही ड्युटी वॉर्ड, आयसीयू, ओपीडी अशी बदलते. केसपेपर लिहिणं, रक्त घेणं, रात्री रुग्ण बघणं ही कामं जास्त करून पहिल्या वर्षाच्या निवासींकडे असतात. नवी तुकडी यायला उशीर झाला की हात कमी पडतात. २०२१ ची नीट-पीजी परीक्षा एप्रिलऐवजी सप्टेंबरमध्ये झाली आणि प्रवेशाची फेरी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तोवर जुन्याच निवासींना काम ओढावं लागलं.

युनिटचे प्रमुख मात्र सहसा तेच राहतात. उपचार त्यांच्या देखरेखीखाली चालतात.

अडचण कुठे येते?
नव्या डॉक्टरला औषध माहीत असतं, पण रुग्णाचा मागचा इतिहास माहीत नसतो. सिरॉसिसचा रुग्ण वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा दाखल होतो, म्हणून त्याला याचा फटका जास्त बसतो.

• पोटातलं पाणी : मागच्या वेळी किती लिटर काढलं, अल्ब्युमिन दिलं होतं का, ते नोंदीत हवं. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढल्यास अल्ब्युमिन द्यावं लागतं.

• गुंगी, भ्रम : रुग्ण एरवी कसा बोलतो हे नव्या डॉक्टरला ठाऊक नसतं. झोप उलटी होणं, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ हे घरच्यांना आधी कळतं. ते लगेच सांगावं. लॅक्टुलोज चालू असेल तर दिवसात २-३ वेळा मऊ शौचास होते का, तेही सांगावं.

• रक्ताची उलटी : अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून बँड लावतात. हे काही आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं. पुढची तारीख चुकली की पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

• वेदनाशामक गोळ्या : डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी सिरॉसिसमध्ये किडनीला इजा आणि रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टर नवा असो, नाहीतर गावातलाच असो, 'लिव्हरचा आजार आहे' हे आधी सांगावं.

घरच्यांनी काय करावं?
१. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे आणि दुर्बिणीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फाईलमध्ये लावावेत. मोबाईलमध्ये फोटोही ठेवावेत.
२. फाईलवर युनिटचं नाव आणि ओपीडीचा वार मोठ्या अक्षरात लिहावा. शक्यतो त्याच वारी जावं.
३. एका कागदावर चालू औषधं, बंद केलेली औषधं आणि त्रास झालेली औषधं लिहून ठेवावीत.
४. रोज सकाळी वजन करून लिहावं. पाणी वाढतंय का, हे त्यावरून कळतं.
५. सुट्टी मिळताना तीन गोष्टी विचाराव्यात : पुढची तारीख कोणती, कुठलं औषध बदललं, कोणती तपासणी बाकी आहे.

इथे थांबू नका
रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, भ्रम किंवा पोट फुगलेलं असताना ताप आल्यास ओपीडीच्या वाराची वाट बघू नये. १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयात जावं आणि फाईल सोबत घ्यावी.

ओळखीचे डॉक्टर दिसले नाहीत म्हणून कुणी ओपीडीतून परत फिरू नये. युनिट तेच असतं, आणि फाईल पूर्ण असली की नव्या डॉक्टरलाही उपचार मागच्या जागेवरून पुढे नेता येतात.