घाट उतरताना ब्रेक का निकामी होतात

बेळगावहून खानापूरमार्गे पणजीकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८, म्हणजे पूर्वीचा ४-अ, अनमोड घाटातून मोलेकडे उतरतो. अशा उतारावर केवळ पायाच्या ब्रेकने वेग रोखत राहिल्यास घर्षणाने ब्रेक तापतात आणि त्यांची पकड घटते. उष्णतेने ब्रेकमधील द्रव उकळू लागला, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते; त्यामुळे पेडल खोल जाते, पण चाक थांबत नाही.

म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा व वेग इंजिनाला रोखू द्यावा. ब्रेक ठामपणे लावून सोडावा, सतत दाबून ठेवू नये. इंधन वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय घातक आहे, आणि ती बचतही बहुधा खोटीच. आजच्या बहुतेक इंजिनांत गिअरमध्ये उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसल्यास, इंधनपुरवठा आपोआप थांबतो. इंजिन बंद केल्यास तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

रस्ता अरुंद असेल तेथे चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी, असा नियम आहे. जळका वास आल्यास सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.