कोशाचा धागा आणि द्रावकाचा हिशेब

भंडारा जिल्ह्यातले आसगाव पवनी तालुक्यात येते. वैनगंगेच्या या खोऱ्याला कोसा नवा नाही. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवायच्या ढिवरांनी, आणि त्या धाग्याचे कापड विणायचे कोष्ट्यांनी, अशी इथली जुनी वाटणी. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे कोशाचे कापड तर प्रसिद्धच आहे. आज प्रयोगशाळा ज्या प्रश्नाशी झटत आहेत, त्याचे एक उत्तर या झाडांवर पूर्वीपासून लोंबते आहे. सजीवांपासून मिळालेल्या द्रव्याचा बारीक धागा घातक द्रावकावाचून कसा काढायचा, हा तो प्रश्न.

कोणताही धागा घडवताना तीन कामे करावी लागतात : द्रव्य पातळ करणे, ते ओढून बारीक करणे आणि पुन्हा घट्ट करणे. रेशमाची अळी ही तिन्ही कामे नेहमीच्या तापमानात करते. तिच्या ग्रंथीत पाण्यात विरलेले प्रथिन असते. पाण्याखेरीज दुसरा द्रावक नाही. अळी डोके हलवत धागा ओढते. त्या ताणाने आणि ग्रंथीतल्या आम्लतेच्या बदलाने प्रथिनाच्या साखळ्या एका दिशेला लागतात, आणि बाहेर येता येता धागा घट्ट होतो.

माणसाला या कसबाचा मोह जुना आहे. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने 1665 मध्येच ‘मायक्रोग्राफिया’त चिकट द्रव्यातून कृत्रिम रेशीम ओढता येईल, असे सुचवले होते. ते बाजारात यायला सव्वादोनशे वर्षे लागली. फ्रान्सच्या शार्दोने यांनी 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात आपले कृत्रिम रेशीम मांडले. त्यासाठी नायट्रोसेल्युलोज ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवावे लागे, आणि तो धागा चटकन पेट घेई. 1892 मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी व्हिस्कोसची रीत काढली. लाकडाचा लगदा स्वस्त होता, पण तो विरघळण्याजोगा करायला कार्बन डायसल्फाइड लागे. त्याच्या वाफेने जगभरच्या कारखान्यांतील कामगारांच्या मज्जातंतूंवर आणि मनावर आघात झाले. पुढे आपल्याकडे कल्याणजवळ शहाड-मोहने पट्ट्यातही रेयॉन तयार होऊ लागले. धागा झाडाचा होता. पण तो पातळ करण्याची किंमत माणसाच्या अंगावर पडली.

दुसरी वाट वितळवण्याची. नायलॉनने ती रूढ केली, पण नायलॉनचा कच्चा माल खनिज होता. साखर किंवा स्टार्च आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लाच्या बहुवारिकाने, म्हणजे पीएलएने, दोन्ही टोके जुळवली. त्याचे कण सुमारे 170 अंश सेल्सिअसला वितळतात; रस बारीक छिद्रांतून दाबला की हवेत गार होऊन धागा होतो. जत्रेतले ‘म्हातारीचे केस’ याच तत्त्वाने बनतात, फक्त साखरेच्या रेणूंची लांब साखळी नसते म्हणून ते जिभेवर विरतात. अडचण बारीकपणाची आहे. वितळलेला रस द्रावणापेक्षा फार दाट असतो, त्यामुळे बारीक धाग्यासाठी गरम हवेचा झोत किंवा विजेचा उच्च दाब लागतो. कण आधी नीट वाळवावेही लागतात, नाहीतर उष्णतेत ओलाव्याने साखळ्या तुटतात. 2024 मध्ये पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरीला अशा जैवबहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. खंडोबाच्या जेजुरीपर्यंत आलेली ही वाट विदर्भातही पोचेल.

ती पोचेल तेव्हा ‘द्रावकमुक्त’ या शब्दावर भाळून चालणार नाही. अळी द्रावक वापरत नाही हे खरे, पण तिचा टणक कोसा उकलायला आपण तो क्षारात उकळतोच. पारंपरिक रीतीत बाया ते सूत मांडीवर वळतात, आणि त्यांच्या मांडीची सोललेली कातडी कापडाच्या भावात मोजली जात नाही. व्हिस्कोसच्या इतिहासाचा धडाही हाच आहे : धागा कशाचा आहे एवढे विचारून भागत नाही, तो पातळ करताना, ओढताना आणि उकलताना कोणाचे काय गेले, हेही विचारावे लागते. नव्या धाग्याला हा प्रश्न कारखाना उभा राहण्याआधीच विचारता येतो. कोशाच्या बाबतीत तो विचारायला आधीच फार उशीर झाला आहे.