कचराभूमीचे आच्छादन : महाराष्ट्रातील वाटचाल आणि नाशिक

प्रास्ताविक : कचरा शहराबाहेर टाकला म्हणजे प्रश्न मिटला, ही धारणा दीर्घकाळ रूढ होती. भरलेल्या कचराभूमी झाकण्याच्या महाराष्ट्रातील प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक वाटचाल : मुंबईत माहीमच्या खाडीकाठची कचराभूमी १९७० च्या दशकात बंद झाली. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तेथे वृक्षारोपण झाले व १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. येथे भर वनराईवर होता. पुढे २००० च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी अंतिम आच्छादनाचे थर निश्चित केले : खाली ६० सें.मी. चिकणमाती, त्यावर १५ सें.मी. निचऱ्याचा थर आणि वर वनस्पतींसाठी ४५ सें.मी. माती. रोजच्या कचऱ्यावर किमान १० सें.मी. माती अथवा बांधकामाचा राडारोडा पसरण्याची तरतूदही त्यांत होती. अशा रीतीने टाकाऊ पदार्थालाच झाकणाचे स्थान मिळाले.

नाशिकच्या संदर्भात : पाथर्डी शिवारात महापालिकेचा खतप्रकल्प आहे. नाशिक परिसरातील काळी माती ओली असताना पाणी अडवते. मात्र उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून कचऱ्यात उतरून भूजल दूषित करू शकते. म्हणून चिकणमातीच्या थरावर ओल धरणारी माती, कंपोस्ट व उथळ मुळांचे गवत आवश्यक ठरते. खोल मुळांची झाडे खालचा थर भेदू शकतात.

निष्कर्ष : खालच्या थराविना लावलेली हिरवळ कचरा केवळ नजरेआड करते, तर हिरवळीविना थर उन्हात तडकतो. गोदावरीकाठच्या शहराने या दोहोंची सांगड घालणे अगत्याचे आहे.